बोडके निरोप

किटलीचं बटण खट्‌कन उडालं आणि रविवारच्या रिकाम्या प्रयोगशाळेतली शांतता मोडली. हेमांगीने टेबलाखाली वाकून पाहिलं. तिची चार वर्षांची लेक ल्यूबा चित्रातल्या मांजराला निळा रंग देत होती. तिला ठेवायला चेक देशातल्या या ब्रनो शहरात दुसरं घर नव्हतं.

हिवाळ्यात हेमांगीचा नवरा ओंद्रेय वारला. परवा ल्यूबाने विचारलं, बाबाचा आवाज कसा होता? म्हणून हेमांगी आज माणसाचा आवाज नव्याने घडवणाऱ्या स्वरघडणी यंत्रापाशी आली होती.

"आवाजाचा पोत मिळाला," सहकारी झ्देन्का चहा ओतत म्हणाली. "तो गुणगुणतोय त्या चित्रफिती पुरल्या. पण बोलणं? नुसते फोनवरचे लेखी निरोप, तेही बोडके."

चेक लिपीत काही अक्षरांवर चिमुकली टोपी असते. ती चढली की 'स'चा 'श' होतो; 'र'वर चढली तर 'र' आणि 'झ' एकाच श्वासात थरथरतात. जुन्या फोनवर टोप्या घातल्या तर निरोपात निम्मीही अक्षरं मावत नसत. फोन बदलले, ओंद्रेयसारख्यांची बोडकं लिहायची सवय राहिली.

"यंत्र टोप्या घालेल ना?"

"घालेल, पण कुठल्याही माणसाच्या. तुझा नवरा अक्षरं कुठे लांबवायचा, कुठे गिळायचा, ते कुणीतरी वाचून दाखवायला हवं. जो वाचेल त्याचे उच्चार यंत्र उचलणार. मी वाचू? माझी जीभ इथली आहे."

"तू त्याला एकदाही ऐकलेलं नाहीस."

"बरं बाई, तूच वाच. चहा तेवढा गार करू नकोस."

मग ल्यूबा दुपारी झोपली की हेमांगी यंत्रासाठी ते निरोप वाचायची. दूध आणतो. ट्राम चुकली. 'दोब्रझे', म्हणजे ठीक आहे, निघालो. डोळे मिटून, त्याच्या लयीत. इतकं बोलणं तिचं कित्येक महिन्यांत कुणाशी झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी झ्देन्काने कळ दाबली.

"दोब्रझे, निघालो," ओंद्रेय म्हणाला.

तोच खर्ज, तोच जरासा बसलेला घसा. हेमांगीने टेबलाची कड घट्ट धरली. झ्देन्का खिडकीबाहेर बघत राहिली.

"का गं? नाही जमलं?" हेमांगीने तिला विचारलं.

"जमलंय. आवाज त्याचाच आहे," झ्देन्का न वळता म्हणाली.

ल्यूबा टेबलाखालून बाहेर आली. "परत लाव."

तिने मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. मग तो शब्द स्वतः म्हटला. 'र' आणि 'झ' एकाच श्वासात थरथरले, इतक्या वर्षांत हेमांगीच्या जिभेवर कधीच थरथरले नव्हते तसे.

"बाबा असं म्हणायचा. आठवलं मला," ल्यूबा म्हणाली. "हा तुझ्यासारखं म्हणतो. आधी र, मग झ."

झ्देन्काने हळूच यंत्राचा आवाज बारीक केला.

ल्यूबाने यंत्राच्या जाळीवर बोट ठेवलं.

"आई, बाबाला बोलायला तू शिकवलंस?"