आप्पांच्या आवाजात

"पुरे आता, केतू. मला जाऊ दे."

आवाज यशवंत मगदूम सरांचाच होता. सर कबड्डीचे पंच; सांगली-मिरजेकडच्या मैदानांवर ज्यांनी तो आवाज भोंग्यातून ऐकला असेल, त्यांनी तो डोळे मिटून ओळखला असता. मात्र सरांचे ओठ हलले नव्हते. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या बुंध्यात रक्तस्राव झाला आणि अंग तर गेलंच, पापणीसुद्धा हलेनाशी झाली. श्वास यंत्र देत होतं. बोलत होता तो खाटेशेजारच्या पेटीतला वाचासेतू. सरांच्या डोक्यावरच्या जाळीदार टोपीतून मेंदूतले संदेश त्या पेटीत जात, आणि जुन्या सामन्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्यांच्याच आवाजात बाहेर येत.

खाटेपाशी तिघं उभी होती. सरांची एकुलती एक मुलगी केतकी, तिच्या प्राध्यापिका डॉ. विनया हेरवाडकर आणि मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बेडेकर. तीन आठवडे सर हेच सांगत होते, शब्द तेवढे वेगळे.

"रुग्णालयाच्या समितीला आता आणखी काही नको आहे," बेडेकर हळू आवाजात म्हणाले. "माणूस शुद्धीवर आहे, त्याला सगळं कळतंय आणि तो स्वतः सांगतोय. गुरुवारी श्वासयंत्र काढू. केतकी, तुझी तयारी आहे ना?"

केतकीने मान हलवली. आता एकवीस वर्षांच्या मुलीची असल्या गोष्टीला कसली डोंबलाची तयारी असणार? पण विचारायची पद्धत असते, म्हणून विचारतात. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. आप्पांनंतर तिला घरात हाक मारणारं कोणी उरणार नव्हतं, आणि तरीही तिने मान हलवली, कारण आप्पांनी आयुष्यात तिच्याकडे स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

केतकी खरं तर मराठीची विद्यार्थिनी. मुख्य विषय मराठी, उपविषय मेंदूविज्ञान. या जोडीवर विद्यापीठात पुष्कळ हसून झालं होतं. हेरवाडकर मॅडमनी मात्र भांडून तो उपविषय सगळ्या शाखांना खुला करून घेतला होता. "मेंदू काय एकट्या जीवशास्त्राच्या बापाचा आहे?" असं त्यांनी भर सभेत विचारलं म्हणे. त्यामुळे त्यांच्या वर्गात गणिताची, संगीताची, वाणिज्याची, इतिहासाची अशी सगळी सरमिसळ बसे. बाकीचे प्राध्यापक त्याला खिचडी म्हणत. आप्पांनीही तिची चेष्टा केली होती. "व्याकरण घालणार होय लोकांच्या डोक्यात?" असं म्हणाले, आणि गल्लीभर पोरीचं कौतुक सांगत फिरले.

या वर्गाचा एक नियम होता: आधी आपलं डोकं. दुसऱ्याच्या मेंदूला यंत्र लावायच्या आधी ते स्वतःला लावून पाहायचं. रोज, प्रत्येक वेळी. मॅडमना त्यात नीती दिसत होती. दुसऱ्याच्या डोक्यात शिरणाऱ्याने आपलं उघडं ठेवावं, असं त्या पहिल्याच तासाला सांगत. मुलांनाही ते पटलं होतं, आणि खोटं कशाला बोला, ते पटण्यासारखंच होतं.

मंगळवारी बेडेकर मुद्दाम प्रयोगशाळेत आले. गुरुवारच्या आधी वाचासेतूचं काम आपल्याला पुरतं समजलेलं असावं, असं त्यांना वाटत होतं. वर्ग भरलेलाच होता. केतकी मागच्या बाकावर बसली होती.

"सरांचे संदेश फार क्षीण आहेत, असं तुम्ही मागे म्हणालात," बेडेकरांनी विचारलं. "मग अख्खी वाक्यं कशी येतात?"

"टोपीला अख्खं वाक्य कधीच मिळत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुकडे मिळतात. गोंगाटात पलीकडून कोणी ओरडलं, तर आपल्याला दोन शब्द ऐकू येतात आणि बाकीचे आपण मनाने भरतो ना? तसंच. आमच्या यंत्रात ते भरण्याचं काम पूरणी करते. कोणत्या विचारामागून कोणता विचार येतो, हे ती शिकलेली असते."

"कुणाकडून शिकलेली?"

"बोलत्या माणसाकडून. तो बोलत असताना त्याचा मेंदू तासन् तास वाचावा लागतो. सरांच्या बाबतीत ते शक्य नव्हतं. म्हणून जवळात जवळचा मेंदू घेतला, केतकीचा. घर एक, बोली एक, आठवणी एक. आम्ही त्याला पाया म्हणतो. वर्गातल्या धडधाकट मुलांवर तपासलं, तेव्हा पाया दुसऱ्याचा असूनही वाक्यं अचूक आली."

बेडेकरांचं समाधान झालं. मग मॅडमनी सरांची काही वाक्यं वर्गाला ऐकवली. केतकीने खाली पाहिलं. सरांचा आवाज खोलीत घुमला: "शामू सुटला. मलाच का अडकवून ठेवता?"

"शामू कोण?" इर्शाद मुजावरने विचारलं. तो इतिहासाचा. वर्गात फारसा बोलत नसे.

"शामूकाका," केतकी म्हणाली. "आप्पांच्या संघातले. दोघं एकत्र खेळायचे. गेल्या महिन्यात हार्ट अटॅकने गेले."

"गेल्या महिन्यात? म्हणजे सर आजारी पडल्यानंतर. मग सरांना कोणी सांगितलं?"

केतकीने सांगितलं नव्हतं. मुद्दामच नव्हतं सांगितलं. शामूकाकांच्या मातीला जाऊन ती तशीच रुग्णालयात गेली होती आणि आप्पांपाशी बसून भलत्याच गप्पा मारत राहिली होती. आत तिच्याशिवाय कोणा नातेवाइकाला सोडत नव्हते, आणि तिथल्या सिस्टर लोकांना शामूकाका नावाचा माणूस होता हेही ठाऊक नव्हतं.

"कोणीच नाही," ती म्हणाली.

"मला सवय आहे म्हणून विचारलं," इर्शाद ओशाळून म्हणाला. "एखाद्या बखरीत लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्यच नाही अशी गोष्ट आली, की आम्ही विचारतो, हे नक्की लिहिलं कोणी?"

मॅडम पडद्यापाशी गेल्या. त्यांनी पूरणीचा पाया उघडला. तो चार महिन्यांपूर्वी घडवला होता आणि तेव्हाच तो नव्या शिकवणीला बंद व्हायला हवा होता. तसा तो झाला नव्हता, कारण केतकी रोज संध्याकाळी आप्पांना टोपी घालण्याआधी नियमाप्रमाणे ती स्वतःला घालून तपासत होती, आणि यंत्र ती तपासणीही शिकवणी समजून पूरणीच्या पायात भर घालत होतं. रोजची केतकी रोज आत जात होती. तिचा थकवा, तिची भीती, शामूकाकांची माती, सगळं.

"वर्गातल्या मुलांचे संदेश जोरदार होते," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे पूरणीला भरायला थोडंच उरायचं. संदेश जेवढा क्षीण, तेवढी पूरणी जास्त. हे मला कळायला हवं होतं."

"सरांच्या वाक्यात सरांचा वाटा किती?" बेडेकरांनी विचारलं.

मॅडमनी हिशेब काढून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला. "शंभरात चार."

"आणि उरलेलं?"

सगळे केतकीकडे पाहायचं टाळत होते.

"ते माझं आहे," केतकी म्हणाली. "पुरे आता, हे मीच म्हणते. रोज. रिक्षात बसले की मनात तेच सुरू होतं. एकदाचं संपू दे, असंही म्हणते. तोंडाने कधी म्हटलं नाही. आप्पांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, मॅडम. खरंच बरं वाटलं होतं."

हेरवाडकर मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. "नियम माझा आहे," त्या म्हणाल्या. "तू फक्त पाळलास." पण त्याने केतकीला काडीचाही धीर आला नाही, आणि येणारही नव्हता.

बेडेकरांनी तिथूनच फोन करून गुरुवार रद्द केला. तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. सरांना खरोखर काय हवं होतं, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. कदाचित त्यांनाही जायचंच असेल.

"पूरणी काढून टाकली तर?" बेडेकरांनी विचारलं.

"तर शब्द येणार नाहीत. हो आणि नाही एवढंच मिळेल. धावण्याची कल्पना केली की मेंदूचा एक भाग पेटतो, ओळखीच्या जागेत फिरण्याची केली की दुसरा. भाग मोठे आहेत, त्यामुळे क्षीण संदेशातही ते वेगळे कळतात. भरायला काही उरतच नाही. मधे कोणी शिरणार नाही."

बुधवारी सकाळी सरांच्या खोलीत पेटीचा आवाज बंद ठेवला होता. पडद्यावर दोनच शब्द उमटणार होते. टोपी या वेळी आधी कोणीही स्वतःच्या डोक्याला लावली नाही. मॅडम सरांच्या कानाशी वाकल्या.

"सर, उत्तर हो असेल तर मनातल्या मनात चढाई करा. मैदान डोळ्यांसमोर आणा आणि घुसा. नाही असेल तर आपल्या घरी फिरा, उंबऱ्यापासून मागच्या अंगणापर्यंत. घाई करू नका. आम्ही थांबतो. तुमचं नाव यशवंत आहे?"

बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर आलं: हो.

"तुम्ही क्रिकेटचे पंच होतात?"

नाही.

बरोबर आलेल्या इर्शादने शामूकाकांच्या भावाला विचारून एक प्रश्न आणला होता, ज्याचं उत्तर केतकीलाही ठाऊक नव्हतं. संघाचा पहिला चषक कवठ्याच्या मैदानावर जिंकला का? पडद्यावर आलं: नाही. बरोबर होतं. तो तासगावला जिंकला होता. तिन्ही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, तरी उत्तरं बदलली नाहीत; आता शंकेला जागा उरली नाही.

मॅडम बाजूला झाल्या. केतकी पुढे आली. तिने आप्पांचा हात धरला, आणि आधी ठरवलेला प्रश्न तिच्या तोंडून निघालाच नाही.

"आप्पा, पेटीतून 'मला जाऊ दे' असं येत होतं, ते तुम्ही म्हणत होतात?"

नाही.

"ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

हो.

बेडेकर खिडकीकडे वळले. केतकीला पुढचं विचारायचं नव्हतं. पण ते आता कळून चुकलं होतं आणि न विचारता सुटणार नव्हतं. सर ऐकत होते. समितीचं बोलणं त्यांच्या उशाशीच झालं होतं. ते विरोध करत असणार, जीव तोडून करत असणार, आणि त्यांचा प्रत्येक विरोध त्या टोपीतून पेटीत जाऊन त्यांच्याच आवाजात, लेकीचे शब्द होऊन बाहेर पडत असणार.

"तुम्ही नको म्हणत होतात?"

हो.

"दर वेळी?"

हो.

मॅडमनी केतकीसाठी स्टूल पुढे सरकवलं. थोड्या वेळाने बेडेकरांनीच पुढे होऊन, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "सर, श्वासयंत्र ठेवायचं?"

हो.

त्यांनी तोच प्रश्न उलटा फिरवून विचारला, काढायचं का म्हणून. नाही, असं आलं. बेडेकरांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते समितीला कळवायला बाहेर गेले. इर्शाद त्यांच्यामागून गेला. मॅडम दारापाशी थांबल्या.

केतकीने डोळे पुसले. आप्पांचा चेहरा काल होता तसाच होता. गेल्या पाच महिन्यांत त्या चेहऱ्याकडे पाहून तिने किती काय काय वाचलं होतं. वेदना, कंटाळा, माया. तेही सगळं तिचं स्वतःचंच असणार.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यावर रागावलाय?"

या वेळी पडद्याला वेळ लागला नाही. हो, असं आलं, आणि ते पुसलं जायच्या आत पुन्हा आलं: हो. मग पुन्हा.

मॅडम घाईने पडदा बंद करायला पुढे झाल्या. केतकीने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. तिला रडू फुटलं होतं, पण स्टूल तिने खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"असू दे, मॅडम," ती म्हणाली. "हे त्यांचं आहे."