ओला हात

वीज शिकवायची तर फळ्याकडं जाण्याआधी मुलांच्या हातात सेल, तार आणि दिवा द्यावा, ही माझी जुनी सवय. निवृत्त झाल्यापासून ईट गावी आमच्या ओसरीवर रविवारी दुपारी मुलं जमतात. त्या रविवारी मी एका फळीवर साधा परिपथ मांडला होता. चौकोनी सेल, स्विच, रोधक, तांबडा एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर. फळीतून दोन तारा बाहेर काढलेल्या, त्यांची टोकं सोललेली.

"दोन टोकं दोन हातांत धर," मी अमरसिंहला म्हणालो.

"सर, करंट बसला तर आमच्या आईला तुमीच सांगा."

"अंगातून जाणारा प्रवाह मुंगीलाही कळणार नाही इतका कमी आहे. ट्रान्झिस्टर त्याला मोठा करून दिव्याला देतो. धर."

त्यानं धरलं. दिवा मिणमिणला. मग त्याला पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवून धरायला सांगितलं, तर दिवा लख्ख झाला. कोरड्या कातडीचा रोध जास्त, ओलीचा कमी. एकदा असं पाहिलं की मुलं ते विसरत नाहीत.

सृष्टी खांबाला टेकून बघत होती. आदल्या दिवशी तिची आई, कमलबाई, येऊन गेली होती. "सर, तेवढं पोरांत बसवा तिला. डाव्या हाताला कुणाला शिवू देत न्हाय. झोपंतसुदिक मूठ सोडत न्हाय. आता बघवंना आमाला."

दिवाळीनंतर सृष्टीची धाकटी बहीण जाई त्यांच्या शेततळ्यात घसरली होती. तळ्याच्या उतारावर काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाय ठरत नाही. सृष्टीनं काठावर पालथं पडून डावा हात खाली दिला. जाईनं तो धरलाही होता. माणसं धावत येईपर्यंत सुटला.

मी मुलांना हात धरून गोल करायला सांगितलं. तारेची दोन टोकं दोघांकडं दिली. एक टोक भैरवीच्या हातात होतं. तिच्या शेजारी मी सृष्टीला उभं केलं. भैरवीनं तिचा उजवा हात धरला. डावीकडून अमरसिंहनं हात पुढं केला, तशी सृष्टीनं मूठ मागं ओढली. दोघांच्या मधे हातभर जागा मोकळी राहिली.

"राहू दे," मी म्हणालो. "परिपथात फट असली की काय होतं, तेच आज बघू."

स्विच दाबला. दिवा लख्ख पेटला.

"सर, दिवा फितूर झाला तुमचा," अमरसिंह हसला. बाकीची मुलंही हसली.

फरशीतून प्रवाह जात असेल म्हणून मी सतरंजी अंथरून सगळ्यांना तिच्यावर घेतलं. दिवा तसाच. गोलातल्या दुसऱ्या दोघांना हात सोडायला लावला, तर विझला. पुन्हा धरायला लावला, पेटला. तारा नीट होत्या, ट्रान्झिस्टर नीट होता. शिवाय एवढ्या कोरड्या हातांतून जाताना दिवा मिणमिणायला हवा होता. तो तर तांब्यात बोटं बुडवल्यासारखा पेटला होता.

अमरसिंहचं हसू गेलं. "सर, माझा हा मोकळा हात गार पडलाय."

सृष्टीची डावी मूठ उघडली होती. बोटं कशाभोवती तरी वळलेली. तळहातातून पाण्याचा ओघळ निघून कोपरापर्यंत आला होता. शेवाळाचा वास सुटला.

"हात सोड, बाळ."

"म्या धरला न्हाय, सर. तिनं धरलाय."

मी स्विचकडं हात नेला.

"बंद नका करू," ती म्हणाली. "पुन्यांदा सुटंल ती."

इतके दिवस कुणाशी धड न बोललेली पोर माझ्याकडं बघत होती. मी उठलो आणि त्या मोकळ्या जागेत उभा राहिलो. डाव्या हातानं अमरसिंहचा हात धरला. उजवा तळहात सृष्टीपुढं पसरला.

"माझ्याकडं दे तिला," मी म्हणालो. "मी सोडणार नाही."

तिनं पुष्कळ वेळ विचार केला. मग एखादं पाखरू ठेवावं तसा हात माझ्या तळव्यावर ठेवला आणि सावकाश काढून घेतला. परकराला पुसला.

दिवा तसाच लख्ख राहिला.

मग ती रडायला लागली. भैरवीनं तिला जवळ घेतलं. मुलांचे हात सुटले, दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी कमलबाई आली. "सर, काय केलंत हो? मूठ उघडली पोरीनं. जाईचं नाव घेऊन पोटभर रडली, मग माझा हात धरून झोपली."

"काही नाही," मी म्हणालो. "वीज शिकवली."

ती गेल्यावर मी फळी आवरायला घेतली. एक तार डाव्या हातात उचलली. दुसरी टेबलावरच पडली होती. उजवा हात अंगाशी मोकळा लोंबत होता.

दिवा लख्ख पेटला.

आता फळी माझ्या उशाशी असते. तारेचं एक टोक डाव्या हाताच्या बोटाला बांधलेलं आहे. दिवा मंदावू लागला की उजव्या तळहातावरची पकड आवळत जाते. मग मी उठून नवा सेल घालतो.

तो एका हातानं घालायला आता मला चांगलं जमतं.