हरणाबाईची टकटक

माझी शाळा सातवीत सुटली. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, भारी शब्द मला येत नाहीत. बाळासो तात्यांनी कामावर रात्री सांगितलं, तसंच लिहितो.

"तात्या, एखादं भूत सोडा की," आमच्यातला जयराज म्हणाला.

"भूतबित न्हाई रं. माझ्या संगतीच्या धनाजी गवंड्यासंगं घडलेलं हाय. हसायचं आसंल तर आताच हसून घे, गड्या."

मंगळवार, सहा ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णा चढत होती. नदीकाठच्या जुन्या घरात राजमती काकू खाटेवर पडून होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, माडीचा जिना अरुंद. त्यांचा मुलगा जयपाल होडी बघायला निघाला. जाताना म्हणाला, "धनाजी, मागची झडप तेवढी विटांनी बुजव. पाणी तिथनं शिरलं तर आईच्या खाटंला लागंल."

झडप पूर्वीच्या टोपलीच्या संडासाची. तिच्याबाहेर अरुंद बोळ. बोळाच्या एका टोकाला नदी, दुसऱ्या टोकाला रस्त्याकडचं फाटक, कुलूप घातलेलं. मैला काढणारी बाई नदीकडनं यायची आणि झडपेतून टोपली ओढून घ्यायची. त्याला आता कैक वर्षं झाली.

वीज गेली होती. बॅटरीच्या उजेडात धनाजीनं विटांचे दोन थर लावले. सिमेंटचं घमेलं त्यावर टेकवलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते.

टक. टक. टक.

पत्र्यावर केरसुणीच्या मुठीनं मारावं तसं. बोळात गुडघाभर पाणी होतं. धनाजी गप्प राहिला.

घमेलं हललं... सावकाश बाहेर ओढलं गेलं. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही.

धनाजी सांगायचा, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हातातली थापी गार लागत होती, एवढंच.

खाटेवरून काकू मोठ्यानं खाकरल्या.

टकटक थांबली.

"हरणाबाई हाय ती," काकू म्हणाल्या. "आत कुणी आसंल तर खाकरायचं, मग ती थांबायची. गप बसलं की टोपली काढायची. धुऊन, तळाला राख टाकून परत ठेवायची."

"काकू, पर आता..."

"मी नवी सून होते, तवा असाच पूर आला. तिच्या मागनं पाणी, पुढं फाटकाला कुलूप. किल्ली आमच्याकडं. लय वेळ वाजवलं तिनं. मामंजी म्हणाले, आधी माडीवर चला."

"मग?"

"कुणी खाकरलं न्हाई."

रात्रभर तेच. टकटक झाली की काकू खाकरायच्या. पाणी वरच्या विटेला लागलं. सिमेंट घमेल्याबरोबर गेलेलं. चारच्या सुमारास काकूंचा घसा बसला.

टक...

काकूंचे ओठ हलले. आवाज नाही.

टक. टक.

धनाजी खाकरला.

उजाडलं. जयपाल होडी घेऊन आला. काकूंनी खाटेची कड सोडली नाही. "आधी फाटक," बसक्या आवाजात म्हणाल्या.

किल्ली गंजलेली, फिरेना. मांडीभर पाण्यात उभं राहून धनाजीनं हातोड्यानं कुलूप तोडलं. फाटक ओढून उघडलं. आणि वाट द्यायला बाजूला सरकला.

मग काकूंना होडीत ठेवलं. थापी न्यायला तो परत आत गेला.

घमेलं विटांवर होतं. घासून धुतलेलं. तळाला मूठभर राख.

त्यानं बोट लावलं.

कोरडी होती.