तिकिटाची खिडकी

कॅनडात, मार्कहॅम गावातल्या घरी बेसमेंटमध्ये जेवणं उरकली, तशी पोरं सूर्यकांतकाकांभोवती जमली. "ही माझ्या ऑफिसातल्या शंतनुची हकीकत," काका म्हणाले. "चौदा डिसेंबर दोन हजार सतरा, गुरुवारची रात्र."

शंतनु आर्किटेक्ट. किचनर शहरापासून तासाभरावर लाल विटांचं एक जुनं स्टेशन होतं. त्याला काचेचा नवा हॉल जोडायचं काम त्याच्याकडे होतं. जुन्या तिकीटघराची खिडकी कुणीतरी कधीकाळी जाड फळ्या ठोकून बंद केलेली. एवढी देखणी खिडकी नव्या हॉलमधून दिसायला हवी, म्हणून त्या सकाळी शंतनुनंच फळ्या काढायला लावल्या.

संध्याकाळी साइटवरच्या गार्डचा, गुरमीतचा फोन आला. हीटर बंद पडलाय. विटांमधला ताजा चुना गोठला तर सगळं काम वाया. "जेवायला थांबू नकोस," असं बायकोला, जाईला सांगून शंतनु निघाला.

पोचला तेव्हा मिट्ट काळोख. बर्फ भुरभुरत होतं. हीटर एका खटक्यात चालू झाला. निघणार, एवढ्यात त्या खिडकीच्या आतून ठोके ऐकू आले.

"साब, सुबह से यही चल रहा है," गुरमीत म्हणाला. "अंदर तो कोई है ही नहीं."

त्यानं टॉर्च धरून खिडकीत डोकं घातलं.

ठोके थांबले.

"क्या दिख रहा है?" शंतनुनं विचारलं.

"साब..."

कशानं तरी त्याची मान धरली. आत ओढलं. तोंड चौकटीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. दात फरशीवर सांडले. शंतनुनं त्याच्या कमरेला मिठी मारली, पाय भिंतीला रोवले. आतली ओढ माणसाची नव्हती. गुरमीतचा खांदा निखळला... कट्. टॉर्च विझली. शंतनुच्या हाताला गवंड्याची हातोडी लागली. त्यानं गुरमीतच्या कानाजवळून ती काळोखात हाणली. मऊ काहीतरी फुटलं. परत हाणली. ओरडणं नाही. नुसता श्वास... अगदी गालापाशी.

मग पकड सुटली.

गुरमीत जगला, एक डोळा गेला. पोलिसांनी तिकीटघर पाहिलं. दार विटांनी बुजवलेलं. आत बोटभर धूळ, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही.

"देन व्हॉट?" पोरांतल्या ईरानं हळूच विचारलं.

"सकाळी शंतनु नव्या हॉलमध्ये उभा होता. वर पाहिलं. छतालगतची काच दोन थरांची, कारखान्यातूनच सील होऊन आलेली. त्या दोन थरांच्या मधे... रक्ताळलेला पंजा उमटला होता.

ओला."