उखाची चाकं

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, मी स्वतः बसले होते. तापीताईचा हात माझ्या हातात होता, आणि तिची नखं रुतल्याची खूण माझ्या मनगटावर अजून आहे. पटत नसेल तर पान उलटा. मी काही कुणाच्या मागे लागणार नाही.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. वैशाख महिना, नुकतीच अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झालेली. आमचं गाव तापीच्या काठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा पश्चिम खानदेशच.

भुताटकी अमावास्येच्या रात्री होते म्हणतात. ही भर दुपारी झाली, डोळे उघडवत नाहीत अशा उन्हात.

त्यामुळे मला रात्रीची भीती वाटत नाही. दुपारी मात्र मी एकटी बसत नाही.

आधी चाकांचं सांगते.

उखा आमच्या शेजारचा. माझ्या मोठ्या भावाचा, हिंमतदादाचा, जिवाचा दोस्त. आमच्याकडे चैताच्या यात्रेत बैलांच्या शर्यती व्हायच्या. उखा छकडा पळवायचा. छकडा म्हणजे नुसता सांगाडा, दोन फळ्या आणि दोन चाकं. त्याने चाकं मुद्दाम बनवून घेतली होती. पातळ सागवानी, बारीक आऱ्यांची, वर लोखंडी पट्टीची धाव अगदी अरुंद. हाताने ढकलली तरी घरंगळत जायची.

त्याची एक सवय होती. सुटायच्या आधी तो उजवी टाच फळीवर दोनदा आपटायचा.

ठक... ठक.

बैलांना तेवढंच पुरायचं. चाबूक त्याने कधी हातात धरला नाही.

त्या चैतात शर्यतीच्या शेवटाला लाल निशाण घेऊन हिंमतदादा उभा होता. निशाण खाली पडलं की शर्यत संपली, मग गाडीवाला कासरा ओढतो. मैदानाच्या पुढे खोल नाला आहे, म्हणून निशाण वेळेवर पडावं लागतं.

उखाचा छकडा पहिला आला.

आणि तसाच पुढे गेला...

नाल्यात.

धुळीत निशाण दिसलं नसेल, असं लोक म्हणाले. बैल वाचले. चाकांना ओरखडासुद्धा आला नाही. उखा मात्र जागेवरच गेला.

आमच्याकडे रीत होती. गाडीवाला गाडीवर गेला तर त्या गाडीची चाकं ठेवायची नाहीत. लाकूड जाळायचं आणि धाव तापीत सोडायची. उखाच्या आईने ते काम हिंमतदादावर सोपवलं. दादा चाकं घेऊन नदीवर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. आम्हाला काय ठाऊक, त्याने ती मळ्यातल्या कडब्याखाली लपवली होती.

दोस्ताची आठवण जाळवली नाही, असं तो नंतर म्हणाला. वेडा कुठला.

आता तापीताईचं. माझी ही मोठी बहीण तळोद्याकडे दिलेली. तिची आधीची दोन लेकरं सासरीच गेली होती. एक पोटातच गेलं, दुसरं आठवडाभर जगलं. हे तिसरं. नववा लागला होता. माय म्हणाली, हे बाळंतपण माहेरीच करायचं. ताईची सासू तयार झाली, पण अट घातली. हळू न्यायचं. गाडीला धक्का बसता कामा नये.

आणायला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या दमणीचं चाक मोडलं. मधला तुंबाच फुटला, ज्यात आऱ्या बसतात तो.

संध्याकाळी बघते तर दमणीला उखाची चाकं लावलेली.

मायने कपाळाला हात लावला. म्हणाली, "शर्यतना चाकं रोजनी गाडीले लावतस का कोनी? त्यास्ले माणूस माहीत नही. त्यास्ले फक्त निशाण माहीत शे."

दादा हसला. "माय, असा चाकं शेतस का पोटनं पाणी बी हालाव नही. ताईले फूलना मायक लई येसू."

मायने दुसरी गाडी मिळते का ते बघायला मला गावभर हिंडवलं. लगीनसराई होती. सगळ्या गाड्या वऱ्हाडात गेलेल्या. शेवटी मायने त्याच चाकांवर दमणी जाऊ दिली.

दादासोबत मीही गेले. जाताना काही झालं नाही. खोटं कशाला बोलू, मला तर मजा वाटली. दमणी पाण्यावरून चालल्यासारखी जात होती. आमचे बैल म्हातारे, जन्मात न पळालेले. तेसुद्धा मान ताठ करून चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. पण सासूबाईंनी ओटी भरली, जेवू घातलं, रडून घेतलं. ऊन लागू नये म्हणून दमणीच्या मागच्या बाजूला लाल लुगड्याचा पडदा बांधला. ऊन चांगलंच चढल्यावर आम्ही निघालो. आत गोधडीवर ताई, तिच्याजवळ मी. पुढच्या फळीवर दादा.

निम्मी वाट छान गेली. ताई हसत होती. दादा तिला चिडवत होता, "भाचा व्हयना तर मन्हासारखा देखणा व्हई."

"मंग पोरगीच होऊ दे," ताई म्हणाली.

त्यानंतर हळूहळू सगळं गप्प झालं.

आधी होले घुमायचे थांबले. मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा... बैल चालत होते, माना हलत होत्या, पण घंटा वाजत नव्हत्या.

मला वाटलं, उन्हाने माझेच कान बसले.

बैल दमले म्हणून दादा खाली उतरला आणि कासरा धरून बाजूने चालू लागला. पुढची फळी रिकामी झाली.

दोन चाकांची गाडी तराजूसारखी असते. पुढचा माणूस उतरला की पुढची बाजू हलकी होते, जू बैलांच्या मानेवरून थोडं उचललं जातं. लहानपणापासून पाहिलेलं आहे. तशी ती हलकी झाली.

आणि थोड्या वेळाने...

पुढे दबली.

कुणीतरी चढल्यासारखी. जू बैलांच्या मानेवर बसलं. फळी करकरली.

ताईने माझं मनगट धरलं. हळूच म्हणाली, "वत्सू, पुढे कोन चढनं?"

मी पाहिलं. पुढच्या फळीवर कुणी नव्हतं. दादा चार हात दूर चालत होता, आणि तोही फळीकडेच बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, बैल थांबाड."

"थांबाडी ऱ्हायनू... थांबतच नहीत."

तो कासरा ओढत होता. पार मागे रेलून ओढत होता. बैलांना जाणवतसुद्धा नव्हतं.

गावाजवळ रस्त्याच्या डाव्या हाताला यात्रेचं मैदान लागतं. बैलांनी रस्ता सोडला. कुणी वळवलं नाही, हाकललं नाही. ते सरळ मैदानात शिरले आणि जिथून शर्यत सुटते त्या जागेवर जाऊन उभे राहिले. तोंड नाल्याकडे.

मैदानात चिटपाखरू नव्हतं. नुसतं ऊन.

दादा ओरडला, "उतरा, दोन्ही उतरा."

मी उडी मारू शकले असते. ताईला उठताच येईना. तिने दोनदा प्रयत्न केला आणि पोट धरून खाली बसली. तिला टाकून मी कुठे जाणार होते?

तेवढ्यात रिकाम्या फळीवर...

ठक.

एकदाच.

बैलांचे कान मागे वळले. पाठीचं कातडं थरथरायला लागलं. दोन्ही बैल वाट बघत होते. आम्ही तिघंही वाट बघत होतो.

दादा मटकन खाली बसला. रडायलाच लागला. "उखा, मी निशाण पाडंच नही रे. बैल अंगवर उनात आनि मी पळी गऊ. निशाण मन्हा हातमाच ऱ्हायनं."

हे तो आम्हाला सांगत नव्हता. फळीला सांगत होता.

गावात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. मला त्या उन्हात थंडी वाजायला लागली. शर्यत संपलेलीच नव्हती. कुणी संपवलीच नव्हती.

ताई मात्र माझ्यापेक्षा हुशार. ती म्हणाली, "मंग आते पाड. दादा, जाय. मन्हा लेकरूना करता जाय."

दादाने मागचा लाल पडदा ओढून काढला आणि पळत सुटला. अनवाणी, तापलेल्या मातीवरून. मी ताईला कवेत घेतलं, पाय फळ्यांना रोवले. दादा लहान लहान होत गेला. अजून तो शेवटाला पोचला नव्हता...

ठक.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बैल सुटले. ते म्हातारे बैल असे पळाले की माझा श्वास अडकला. चाकांचा आवाजच नव्हता. धुळीत खडखड नाही, करकर नाही. नुसता वारा कानात. आणि दोन्ही बाजूंनी माणसांचा गलका. शेकडो माणसं ओरडत होती. मैदानात कुणी नव्हतं, तरी शिट्ट्या वाजत होत्या.

ताई एकच म्हणत होती, "मन्हं लेकरू. मन्हं लेकरू."

समोर नाल्याची कड दिसायला लागली.

तिच्या अलीकडे दादा उभा होता. लुगडं दोन्ही हातांनी वर धरलेलं. बैल त्याच्याच अंगावर चालले होते. मी डोळे मिटून घेणार होते, पण मिटले नाहीत. मला बघायचं होतं, हा या वेळीही पळतो का.

तो हलला नाही.

लुगडं खाली आलं.

आणि दमणी थांबली...

हळूहळू नाही. जागच्या जागी. आम्ही पुढे फेकलं जायला हवं होतं, पण पोटातलं पाणीही हललं नाही. जू दादाच्या छातीला टेकलं होतं.

गलका बंद. घंटा वाजायला लागल्या. लांब कुठेतरी होला घुमला.

पुढची फळी करकरली आणि गाडी हलकी झाली. कुणीतरी उतरलं.

मला हायसं वाटलं. देवाचं नाव घ्यावं म्हणून मी हात जोडले. तेवढ्यात ताईने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला.

"वत्सू," ती म्हणाली, "पोट जड व्हयनं."

दिवेलागणीला ती बाळंत झाली. मुलगा, धडधाकट. दगूबाई सुईणीने त्याला उचललं आणि म्हणाली, इतकं जड लेकरू मी कधी हातात धरलं नाही. माय आनंदाने रडली. आम्हीही रडलो. आम्ही मागितलं होतं ते मिळालं होतं.

लेकरू मात्र रडलं नाही. दगूबाईने पाठीवर थोपटलं, उलटं धरलं. मग त्याला सुपात ठेवलं.

त्याने उजवा पाय झाडला. टाच सुपावर आपटली.

दोनदा.

दादा दारातच उभा होता. तो तिथूनच परत गेला. त्याने भाच्याला कधी मांडीवर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चाकं जाळली आणि धावा तापीत सोडल्या. या वेळी मी सोबत गेले आणि माझ्या डोळ्यांनी बुडताना पाहिल्या.

मुलाचं नाव शांतीलाल ठेवलं. गुणी पोरगा. लहान होता तेव्हा खेळायला सुटला की आधी उंबऱ्यावर टाच आपटायचा. मग पळायचा. आणि पळायला लागला की थांबता थांबायचा नाही. हाका मार, रड, काही कर. एकदा विहिरीच्या काठापर्यंत गेला. तेव्हा ताईने ते लाल लुगडं काढलं, वर धरलं आणि खाली सोडलं.

तो थांबला.

त्या दिवसापासून ते लुगडं ताईच्या खांद्यावरून उतरलं नाही. ऊन असो, पाऊस असो, तो परत यायच्या वेळी ती दारात उभी राहायची. तो दिसला की लुगडं खाली सोडायची. गावातले हसायचे.

शांतीलाल आज ट्रक चालवतो. विसरवाडी, नवापूर, तिथून सुरत. लग्न झालं, लेकरं झाली. मीही त्यांच्याच घरी राहते. मी त्याला कधी काही विचारलं नाही आणि त्यानेही कधी काही सांगितलं नाही. निघताना तो माझ्या, त्याच्या मावशीच्या, पाया पडतो, वर चढतो, आणि इंजिन सुरू करायच्या आधी आतून आवाज येतो. तो ऐकायला नको म्हणून मी कानांवर पदर घेते. तरी ऐकू येतो.

गेल्या पावसाळ्यात तापीताई गेली. आता ते लुगडं माझ्याकडे आहे. विरलंय. मधोमध फाटलंय, लाल रंग राहिला नाही. शांतीलालची बायको म्हणते, मावशी, नवीन आणू का?

मी नको म्हणते. नवीन त्याला ओळखू येईल की नाही, मला माहीत नाही.

आज तो सुरतेहून निघालाय. दुपारीच पोचेल म्हणाला.

मी ते लुगडं घेऊन दारातच बसले आहे.