गुडघ्यांवरची वीण

तिच्या दोन्ही गुडघ्यांवर विणकामाचा ठसा उमटला होता. मधोमध उभी वेणी, तिच्या दोन्ही अंगांना उलट्या टाक्यांच्या ओळी. उजव्या गुडघ्यावर जरा जास्तच रुतलेल्या. दुपारची झोप आटोपून ती पलंगाच्या कडेला बसली होती. ठसा विरेपर्यंत ती बघत राहिली. पलंगावरची चादर सुती होती, गुळगुळीत. तिच्या खोलीत विणलेलं काहीच नव्हतं.

वेणीच्या विणीचा स्वेटर घरात एकच होता, आणि तो शेजारच्या खोलीत आईच्या अंगात होता.

तिचं शिक्षण शरीरशास्त्राचं, पोटापाण्याचं काम मात्र शब्दकोशाच्या कार्यालयात. कुठला शब्द कुठून आला, कोणाकोणाच्या घरी राहून आला, हे शोधायचं. सध्या तिच्या टेबलावर एकच शब्द ठाण मांडून बसला होता: मारा. इंग्रजी ‘नाइटमेअर’च्या शेपटाला तोच, फ्रेंच ‘कोशमार’च्याही; नॉर्वेजियन, पोलिश, चेक, सगळीकडे थोडा वेश बदलून तोच.

“म्हणजे रात्रीची घोडी,” संपादक म्हणाले होते.

“घोडी नाही, सर. झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसणारी बाई.”

“बरं, पण धातूचा अर्थ काय? चिरडणं की मरणं? काहीतरी एक ठरवा.”

“एकातून दुसरं होतंच की,” ती म्हणाली. संपादक हसले. ती हसली नाही.

खुबा मोडल्यापासून आई तिच्याकडे होती. आईने तिला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. दादा ‘राजा’, आणि ती ‘धोंड’. गळ्यात पडलेली धोंड. पाहुण्यांसमोर धोंड, पदवी घेऊन आली त्या दिवशीही धोंड. कित्येक वर्षं तिला धड झोप नव्हती. आई आली आणि दुपारी पाठ टेकताच गाढ, काळी, गोड झोप लागू लागली. उठली की अंग पिसासारखं हलकं.

“छातीवर कोणीतरी बसतं गं माझ्या,” आई म्हणाली. “दुपारचंच.”

“त्याला झोपेतला पक्षाघात म्हणतात. मेंदू जागा होतो, स्नायू झोपलेलेच असतात. मग दडपण आल्यासारखं वाटतं.”

“वाटतं म्हणे! तुझ्या मेंदूला घाल चुलीत. मला वजन कळतं. नऊ महिने वागवलंय.”

“काय वागवलंय?”

आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिने आईच्या दाराला बाहेरून कडी घातली. आपल्या खोलीत येऊन गुडघ्यांना खडूची पूड चोळली आणि आडवी झाली. झोप लगेच आली.

उठली तेव्हा गुडघे स्वच्छ होते. चादरीवर खडूचा कणही नव्हता. आईच्या दाराची कडी घातलेलीच होती. कडी काढून ती आत गेली. आई डोळे मिटून, तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. स्वेटरवर, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, दोन पांढरे गोल होते.

तिने ते हाताने झटकले. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

डॉक्टर येऊन गेले. बरगडीला चीर होती. “पडल्या का कुठे?” त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. “जपा. पुन्हा असा दाब आला तर श्वास पुरायचा नाही.”

दादा रोज फोन करत होता. एका आश्रमात आईसाठी जागा मिळाली होती, तिथे चोवीस तास नर्स होती. आधी आईच ऐकत नव्हती. आता तीच विनवत होती. “मला तिकडे धाड. या घरात मी वाचत नाही.”

“बघते,” ती म्हणायची. दादालाही हेच, आईलाही हेच.

शब्दाच्या मागे मागे जाताना तिला दोन समजुती सापडल्या होत्या. काही गावांत म्हणत, की ही बाई जिवंत, शेजारपाजारचीच असते आणि आपण जातो हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. आणखी कुठे म्हणत, की तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली की ती उठून जाते, पुन्हा येत नाही.

रविवारी दादा स्वतः आला. दाराशी गाडी उभी होती. आईची पिशवी त्यानेच भरली.

ती आईच्या उशाशी बसली.

“आई, माझं नाव काय?”

“हे काय आता?”

“सांग ना. एकदाच.”

आईने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. कपाळावर आठी चढली. कुठेतरी ठेवलेली वस्तू सापडत नसावी, तशी ती छताकडे पाहू लागली.

“नाव घे ना एकदा.”

“चल गं, धोंडे,” आई म्हणाली. “खेळ नको. उशीर होतोय.”

ती उठली. खिडकीचा पडदा ओढला. दुपार चढली होती. तिचे डोळे जड व्हायला लागले होते.

“काय ते ठरव बाई एकदाचं,” दादा पिशवी उचलत म्हणाला. “नेऊ ना?”

आईने त्याच्या बाहीला घट्ट धरलं होतं. तिने आईची बोटं एकेक करून सोडवली आणि स्वेटरच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून दिल्या.

“नको,” ती म्हणाली. “आई माझ्याजवळच राहील.”