पत्रातली चार वाक्यं

"सोमवारपर्यंत बिशपांना उत्तर दिलं नाही तर माझ्या भावाचा झगा काढून घेतील," दारात पाय ठेवतानाच त्या म्हणाल्या. "आणि तो उत्तर देणार नाही. मरेल, पण देणार नाही."

त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ धर्मगुरू होता. स्टेनोबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. ताई बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर.

स्टेनोबाईंनी बावीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलं होतं. लोक खरं-खोटं बोलत, त्या ते टिपून घेत. आता त्या खाजगी तपासाची कामं करत. सोबतीला त्यांचा धाकटा दीर असे, पोस्टातून निवृत्त झालेला. "वहिनी डोकं चालवतात, मी गाडी," असं भाऊजी सांगत. "दोन्ही सारखीच जुनी. धक्का फक्त गाडीला मारावा लागतो."

ताईंनी एक कागद टेबलावर ठेवला. सुट्या, ठळक अक्षरांत लिहिलेलं निनावी पत्र होतं ते.

"लॉन्ड्रीवालीला फादर म्हणाले, ‘किती गोळ्या साठवल्या आहेस? आईला कळलं होतं का? देवानं दिलेला जीव संपवायचा हक्क तुला नाही. भावाला सांग, एकटीनं हे ओझं वाहू नकोस.’ फादर कधी खोटं बोलत नाहीत. तिची आई कशानं गेली ते आता शोधा."

"एक प्रत लॉन्ड्रीवालीच्या भावाला आली," ताई म्हणाल्या. "एक बिशपांच्या कार्यालयात आणि एक चर्चच्या फलकावर. भावाचं गॅरेज आहे, माणूस तापट. त्यानं बहिणीला घराबाहेर काढलं. आईची कबर उघडून तपासा, असा अर्ज दिलाय पोलिसांत. आणि पापनिवेदनातलं बोलणं बाहेर फोडल्याचा ठपका माझ्या भावावर."

"पण फादरांनी हे कुणाला तरी सांगितलं असणारच की," भाऊजी म्हणाले.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाही. पोलिसांना नाही, बिशपांनाही नाही. ती बाई आली होती की नाही, एवढंही नाही. मग स्वतःचा बचाव तो कसा करणार? गेल्या शनिवारी पापनिवेदनाला एक माणूस फिरकला नाही. तो बसून राहिला होता, रिकाम्या खोलीत."

स्टेनोबाई पत्र पुन्हा वाचत होत्या. "चारही वाक्यं एकाच माणसाची आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चला भाऊजी."

*

चर्च लहान होतं. दोनशे माणसांच्या बाकांवर हल्ली तीसेक बसत. वर्षभरापूर्वी तीन चर्च मिळून एका फादरांच्या गळ्यात पडली होती आणि हे वर्षअखेर बंद होणार होतं. भिंतीवरची काही चित्रं आधीच उतरवलेली, त्यांच्या जागी चौकोनी फिकट डाग.

फादर चाळिशीचे असतील, पण आजारी दिसत होते.

"त्या बाईबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही," स्टेनोबाई म्हणाल्या. "फक्त शनिवारचं वेळापत्रक सांगा."

फादरांनी पहिल्यांदा मान वर केली. "साडेचारला पलीकडच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना. तिथून गाडीनं इथे, पाच-वीसला. पोचलो की थेट पापनिवेदनाच्या खोलीत. सहाला इथली मिस्सा."

"मग कपडे कधी बदलता?"

"बदलतोय कसला. आधी इथे मागच्या खोलीत निवांत तयार व्हायचो. आता तिथल्या वेदीवरून निघतो तो तसाच, सगळं अंगावर घेऊन."

चर्चचा सेवक दिवे, दारं आणि घंटा सांभाळी. त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. पापनिवेदनाची लाकडी खोली त्याच्या टेबलापासून सहा पावलांवर होती. भाऊजींनी वहिनींना डोळ्यानं खुणावलं.

"माझ्यावर संशय घ्या, घ्या," किल्लीवाला वैतागून म्हणाला. "चर्च बंद झालं की मी रस्त्यावर. मग फादरांना घालवून मला काय मिळणार? आणि मला उसंत कुठे असते? साडेपाचला घंटा, सहाला स्पीकर लावायचे. त्यात फादरांच्या कॉलरच्या माइकची बॅटरी. पूर्वी महिनाभर जायची, आता मिस्सा संपायच्या आत मान टाकते. कंपन्या लुटतात, दुसरं काय!"

टेबलावर बुटांचा एक खोका होता. आत कानात घालायची सहा छोटी यंत्रं.

"कमी ऐकू येणाऱ्यांसाठी," किल्लीवाला म्हणाला. "त्यांना स्पीकर लागत नाही. गेल्या महिन्यात ऐन प्रवचनात स्पीकर जळाला. अख्ख्या चर्चमध्ये प्रवचन ऐकलं ते या बहिऱ्यांनी!"

"पत्र येण्याआधीच्या शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत कोण होतं?"

"आधी लॉन्ड्रीवाली, मागे कॉयरबाई. तिसऱ्या बाकावर लॉन्ड्रीवालीची मावशी. पण ती ठार बहिरी, आणि बाक खोलीपासून तीस पावलं लांब. पाचलाच येते, आपलं यंत्र घेते आणि बसते. बाकीचे पाच सहाच्या ठोक्याला उगवतात."

गायकवृंदाच्या कॉयरबाई थेट मुद्द्यावर आल्या. "माझं फादरांशी वाजलंय, सगळ्यांना ठाऊक आहे. जुनी गाणी बंद केली त्यांनी. पण मी पत्र लिहिलं असतं तर खाली सही केली असती. मी रांगेत होते, खरंय. आतून फक्त कुजबुज येत होती. एक मात्र सांगते. पोरगी बाहेर आली तेव्हा रडत होती, पण कशी? दुखणं उतरल्यावर माणूस रडतं ना, तशी."

मावशींच्या घरी स्टेनोबाईंनी प्रश्न वहीत लिहून दाखवले. मावशी उत्तरं देत ती शेजारच्यांनाही ऐकू जातील अशी.

"माझी बहीण मरायला टेकली नव्हती! पंधरा दिवस आधी भिंत धरून चालत होती. रात्री झोपली ती उठलीच नाही. मी काय सांगणार, मला काय ऐकू येतंय? फादर कधी खोटं बोलत नाहीत, एवढं मला माहीत आहे." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"बिचारी," जिना उतरताना भाऊजी म्हणाले. स्टेनोबाई वहीची पानं मागे उलटत होत्या.

*

लॉन्ड्रीत वाफ कोंदली होती. घराबाहेर काढल्यापासून लॉन्ड्रीवाली इस्त्रीच्या खोलीतच राहत होती. अडतीस वर्षांची, सडसडीत बाई. पायात रबरी चपला. तिच्या हाताखालच्या बाईच्या पायात मात्र चांगले कातडी बूट होते, एक माप मोठे.

"मालकीणबाईंनीच दिले," ती बाई लाजून म्हणाली. "घड्याळ पण घे म्हणतात. मी म्हटलं, अहो, तुम्हाला नको का?"

मागच्या फळीवर गिऱ्हाइकांचे कपडे घडी घालून, चिठ्ठ्या लावून तयार होते. पुढच्या आठवड्याचेसुद्धा.

"आईला मी मारलं नाही," इस्त्री न थांबवता लॉन्ड्रीवाली म्हणाली. "आणखी काही विचारू नका. दादाला कबर उघडू दे. त्याची खात्री होऊ दे. तोवर मी आहे."

"तोवर?" स्टेनोबाईंनी विचारलं.

लॉन्ड्रीवालीनं पुढचा सदरा ओढला.

बाहेर येताच स्टेनोबाईंनी ताईंना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता लॉन्ड्रीत या. हिच्याजवळ बसा. त्या विषयाचा शब्द काढू नका, पण जागचं उठूही नका. नजर हलवू नका तिच्यावरून. मी येईपर्यंत."

"अहो वहिनी, ती पळून जाईल असं वाटतंय का?" भाऊजींनी विचारलं.

"पळूनच. मला तिच्या भावाला गाठायचंय. तो माझ्या तोंडचं ऐकणार नाही. त्याला कानांनीच ऐकवावं लागेल. सगळ्यांना चारला चर्चमध्ये बोलवा."

*

चारला सगळे आले. गॅरेजवाला भाऊ हाताची घडी घालून खांबाला टेकला होता. हातांना अजून ऑइल होतं. मावशी तिसऱ्या बाकावर, कॉयरबाई आणि किल्लीवाला मागे.

"फादर, माइक लावून खोलीत बसा. रोज म्हणता ती कुठलीही प्रार्थना हळू म्हणा." मग स्टेनोबाईंनी खोक्यातलं एक यंत्र गॅरेजवाल्याला दिलं. "तुम्ही हे कानात घाला आणि तिसऱ्या बाकावर बसा. भाऊजी, तुम्ही खोलीला कान लावा."

दार बंद झालं. स्पीकर बंदच होते. गॅरेजवाला दचकून उठला.

"कानात बोलतायत!" तो ओरडला. "श्वाससुद्धा ऐकू येतोय!"

"आणि मला नुसती गुणगुण," भाऊजी दाराशी उभे राहून म्हणाले.

फादर बाहेर आले. कॉलरच्या माइकवर त्यांचा हात गेला आणि तिथेच राहिला.

"पत्रात चार वाक्यं आहेत आणि चारही फादरांची," स्टेनोबाई म्हणाल्या. "दाराशी कुणी चोरून ऐकलं असतं, तर दोघांचं थोडंथोडं कानावर पडलं असतं. फादरांनीच कुणाला सांगितलं असतं, तर त्यांनी तिची गोष्ट सांगितली असती, स्वतःचे प्रश्न पाठ म्हणून दाखवले नसते. कोर्टात फोनजवळ उभा असलेला साक्षीदार असं सांगतो, इकडचं सगळं आणि तिकडचं काहीच नाही. म्हणजे फादरांच्या तोंडापाशी काहीतरी होतं. वर्षभर ते पलीकडच्या वेदीवरून तसेच येतात, माइकसकट. तो चालूच राहतो, म्हणून बॅटरी टिकत नाही. स्पीकर सहाला लागतात, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण यंत्रांना स्पीकर लागत नाही, आणि पाचपासून यंत्र कानात असतं ते एकाच माणसाच्या."

किल्लीवाल्यानं कपाळावर हात मारला. सगळे मावशींकडे वळले. स्टेनोबाईंनी दुसरं यंत्र मावशींच्या कानात घातलं आणि फादरांकडून माइक मागून घेतला.

"‘फादर कधी खोटं बोलत नाहीत.’ पत्रातलं हे वाक्य आज तुम्ही मला जसंच्या तसं ऐकवलंत, मावशी."

मावशींनी नाकारलं नाही. "माझी बहीण होती ती," त्या म्हणाल्या. "पोटची पोर तिला गोळ्या घालते, आणि मी गप्प बसू?"

"तिनं घातल्या नाहीत. तुम्ही शब्द अचूक टिपलेत, मावशी. मीही इतके अचूक टिपले नसते. आता तेच नीट ऐका. ‘किती गोळ्या साठवल्या आहेस?’ ‘होत्यास’ नाही, ‘आहेस’. आई तेव्हा जाऊन तीन आठवडे झाले होते. आईला घातल्या असत्या तर साठवलेल्या उरल्या कुठे? ‘जीव संपवायचा हक्क तुला नाही.’ जीव गेलेला असता तर माणूस म्हणतो, ‘नव्हता’. ‘नाही’ म्हणतो ते अजून घडायचं असतं."

गॅरेजवाल्याची घडी सुटली.

"फादर, तुम्ही माझ्याकडे बघू नका. भिंतीकडे बघा," स्टेनोबाई म्हणाल्या. "तुम्ही काही सांगितलेलं नाही, आणि तुमचा चेहराही मला वाचायचा नाही."

फादर भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

"मावशी, आणखी काही ऐकलं होतंत? पत्रात न घातलेलं?"

मावशींनी कानातलं यंत्र चाचपलं. "एक होतं," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज लहान झाला होता. "‘आईकडे जायची घाई करू नकोस.’ मला वाटलं, कबरीवर जाऊ नकोस म्हणतायत. खुनी पोरीनं कशाला जावं तिथे, असं."

मग मावशींच्या तोंडून असा आवाज निघाला की किल्लीवाल्यानं धावत जाऊन त्यांना धरलं.

"स्वतःच्या पायातले बूट तिनं देऊन टाकलेत," स्टेनोबाई गॅरेजवाल्याला म्हणाल्या. "पुढच्या आठवड्याचं काम संपवून ठेवलंय. तुमची खात्री होण्याची वाट बघतेय, बस्स. ‘भावाला सांग’ असं फादरांनी सांगितलं होतं. ती सांगायला येण्याआधी हे पत्र आलं."

तो धावत सुटला होता.

*

लॉन्ड्रीत ताई शेजारी बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन तासांत त्या एकदाही उठल्या नव्हत्या. गॅरेजवाला दारात आला आणि बोलायचं विसरला. मोठ्या माणसाला रडता येत नाही तसा तो रडला, वाकडा चेहरा करून.

बहिणीनं इस्त्री उभी ठेवली. कपाटातल्या डब्यातून रुमालाची एक पुरचुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"मी त्या रविवारी सांगणारच होते रे, दादा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी जेवण करून ठेवलं होतं. तू आलास तो पत्र घेऊन."

कबरीचा अर्ज त्यानं त्याच दिवशी मागे घेतला. दर गुरुवारी गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवून तो बहिणीला डॉक्टरांकडे नेऊ लागला. बिशपांच्या कार्यालयानं फादरांची चौकशी थांबवली. चर्च बंद करायचा निर्णय मात्र बदलला नाही, आणि लोकांच्या मनातली भीतीही गेली नाही. फादर आता माइक काढून टेबलावर ठेवत, सगळ्यांना दिसेल असा, आणि मग आत जाऊन बसत. तीन शनिवार कुणीच आलं नाही.

चौथ्या शनिवारी मावशी रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत त्या एकट्याच होत्या.

आता अडचण अशी की मावशींना यंत्राशिवाय ऐकू येत नसे, म्हणून त्या दिवशी माइक आत न्यावा लागला, आणि हळू बोलणं त्यांना जमत नसे. किल्लीवाल्यानं सगळ्यांना अंगणात काढलं आणि मोठी दारं ओढून घेतली. पंधरावीस माणसं उन्हात उभी होती. लॉन्ड्रीवालीही होती, भावाशेजारी. आतून मावशींचा आवाज आला, पहिला शब्द अगदी स्पष्ट.

कॉयरबाईंनी एका क्षणात वरच्या पट्टीत एक जुनं गाणं धरलं, बंद केलेल्यांपैकीच. मग किल्लीवाला, मग गॅरेजवाला, सगळेच. सूर कुणाचाच लागत नव्हता. भाऊजींना शब्दही येत नव्हते, तरी ते पूर्ण आवाज लावून गात होते. दार उघडेपर्यंत कुणी थांबलं नाही.